मिटवायलाही पासवर्ड लागतो

"सगळं पुसूनच टाकायचंय, मग पासवर्ड कशाला मागतोय हा?" न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्ये हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की उत्तर आता पाठ झालंय. नोकरीची बहुतेक वर्षं मी एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात काढली. निवृत्त झाल्यापासून शनिवारी दुपारी गावातल्या सार्वजनिक लायब्ररीत बसते. लोकांनी देऊन टाकलेले जुने लॅपटॉप आम्ही काही जण तिथे साफ करतो आणि गरज असलेल्या मुलांना देतो. साफ करणं म्हणजे कीबोर्डातला चिवडा झटकणं, हे आहेच. मराठी घरातून आलेला लॅपटॉप त्यावरून ओळखू येतो. पण पहिलं काम हार्ड डिस्क पुसण्याचं.

ही यंत्रं येतात कुठून? कोणी कायमचं पुण्याला परत निघालेलं असतं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या मूव्हिंग सेलमध्ये सोफा गेला, पियानो गेला, जुना लॅपटॉप तेवढा राहिला. कोणाची मुलगी कॉलेजला गेली. कोणाच्या घरातलं माणूस गेलं. आणि कचऱ्यात टाकायची तर सोय नाही. १ जानेवारी २०११ पासून न्यू जर्सीत कॉम्प्युटर, मॉनिटर आणि टीव्ही घरच्या कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे ते यंत्र कोणाच्या तरी हातात द्यावंच लागतं.

आपल्या लोकांच्या डिस्कवर काय असतं, हे मला न उघडताही सांगता येईल. दर वर्षीचं टॅक्स रिटर्न, त्यावर नवरा-बायको-मुलं सगळ्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर. पासपोर्टच्या पानन् पानाचं स्कॅन. एच-वन व्हिसाची कागदपत्रं. आई-वडिलांच्या ग्रीन कार्डसाठी भरलेला आय-८६४ फॉर्म आणि त्याला जोडलेले पगाराचे पुरावे. भारतातल्या फ्लॅटचा करारनामा, बँकेचं एनआरओ खातं, आणि 'पासवर्ड्स' अशाच नावाची एक एक्सेल फाइल. सामान्य अमेरिकन घराच्या डिस्कवर असतं त्यापेक्षा परदेशी माणसाच्या डिस्कवर जास्त कागद असतात, कारण आपण कोण आहोत हे सरकारला आयुष्यभर सिद्ध करत राहणं हे आपलं काम.

फाइल डिलीट केली, रीसायकल बिन रिकामा केला, की ती गेली असं बहुतेकांना वाटतं. जाते ती फक्त तिची नोंद. मजकूर जिथे होता तिथेच राहतो, दुसरं काही त्याच्यावर लिहिलं जाईपर्यंत. एमआयटीतले दोन संशोधक, सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलत, यांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालत होत्या. नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांमधून हजारो क्रेडिट कार्ड नंबर, वैद्यकीय माहिती, खासगी पत्रं असं बरंच काही बाहेर आलं. एक डिस्क तर बँकेच्या एटीएममधून आलेली होती. २००३ मध्ये हा अभ्यास छापून आला, तेव्हा आमच्या विभागात त्याच्या प्रती वाटल्या गेल्या होत्या.

हॉस्पिटलवाल्यांना जास्त घाम फुटला तो दहा वर्षांनी. न्यूयॉर्कच्या अफिनिटी हेल्थ प्लॅन या संस्थेने भाड्याने घेतलेली फोटोकॉपी मशीन्स परत केली. त्या मशीनच्या पोटातही हार्ड डिस्क असते आणि कॉपी काढलेला प्रत्येक कागद तिच्यात साठू शकतो, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्यातलं एक मशीन सीबीएस न्यूजने विकत घेतलं आणि रुग्णांची माहिती त्यांच्या हाती लागली. २०१३ मध्ये त्या संस्थेला बारा लाख डॉलर्सहून जास्त रक्कम भरावी लागली.

त्याहून मोठं प्रकरण मॉर्गन स्टॅनलीचं. २०१६ मध्ये त्यांनी दोन डेटा सेंटर बंद केली आणि तिथली यंत्रं हलवायचं कंत्राट एका सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. डेटा नष्ट करण्याचा त्या कंपनीला काही अनुभव नव्हता. यंत्रं पुढे विकली गेली, तिथून इंटरनेटवरच्या लिलावात पोचली, आणि ओक्लाहोमातल्या एका तंत्रज्ञाने विकत घेतलेल्या डिस्कवर ग्राहकांचा डेटा सापडला. बँकांच्या नियामकाने २०२० मध्ये सहा कोटी डॉलर्सचा दंड केला. सप्टेंबर २०२२ मध्ये शेअर बाजाराच्या नियामकाने, म्हणजे एसईसीने, आणखी साडेतीन कोटींचा. सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचा प्रश्न होता. त्या निकालातली एक बाब मात्र मला दंडाच्या आकड्यापेक्षा जास्त बोचते. त्यांच्या शाखांमधल्या काही यंत्रांवर मजकूर कुलूपबंद करायची, म्हणजे एन्क्रिप्शनची, सोय आधीपासून होती. ती कित्येक वर्षं कोणी सुरूच केली नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे. पुसायला पासवर्ड का लागतो?

साध्या पद्धतीने डिस्क पुसायची तर कॉम्प्युटर तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहीत जातो. त्याला कोणाचीही परवानगी लागत नाही. पण खराब म्हणून डिस्कनेच बाजूला ठेवलेल्या जागांपर्यंत हे शून्यलेखन पोचत नाही. म्हणून डिस्कच्याच आत एक हुकूम बसवलेला असतो, 'सिक्युअर इरेज' नावाचा. बाहेरच्या कॉम्प्युटरने फक्त सांगायचं. पुसण्याचं काम डिस्क स्वतः करते. २००१ नंतरच्या, एटीए जोडणीच्या बहुतेक डिस्कमध्ये तो आहे. तो लोकांपर्यंत पोचवण्यात मोठा वाटा सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चुंबकीय रेकॉर्डिंग संशोधन केंद्राचा, आणि तिथल्या गॉर्डन ह्यूज यांचा. 'एचडीडी-इरेज' नावाचा छोटा प्रोग्राम त्या केंद्राने फुकट वाटला. सरकारी मानकं ठरवणाऱ्या 'निस्ट' या संस्थेनेही आपल्या ८००-८८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत डिस्कच्या पोटातल्या अशा हुकमांना साध्या पुसण्यापेक्षा वरची जागा दिली आहे. ३५ वेळा पुसावं लागतं, सात वेळा पुसावं लागतं, या दंतकथा अजून फिरतात. ३५चा आकडा पीटर गटमन यांच्या १९९६च्या निबंधातून आला, आणि आजच्या डिस्कला त्याची गरज नाही असं पुढे त्यांनीच लिहिलं. एकदा नीट पुसलं की पुरे.

पण हा हुकूम एकदा सुटला की परत घेता येत नाही. म्हणून मानक लिहिणाऱ्यांनी तो डिस्कच्या कुलूपखात्यात ठेवला. पुसायचं असेल तर आधी डिस्कला एक पासवर्ड घाला. मग 'तयार हो' असा एक हुकूम द्या. लगेच त्यामागोमाग तोच पासवर्ड देऊन 'पूस' म्हणा. मध्ये दुसरा कुठलाही हुकूम आला तर सगळं रद्द. काम पूर्ण झालं की पासवर्ड आपोआप निघून जातो. म्हणजे हा पासवर्ड काही लपवण्यासाठी नसतोच. आपण शुद्धीवर आहोत याची ती सही. मी त्यासाठी नेहमी एकच साधा शब्द वापरते आणि मास्किंग टेपवर लिहून तो डिस्कवरच चिकटवते. आमच्याकडे नवीन येणारी मुलं हे पाहून हादरतात, "मावशी, पासवर्ड असा लिहून ठेवतात का?" त्यांना सांगते, बाळांनो, हा ठेवतात.

का, ते त्यातल्याच एकाला कळलं. घरी त्याने एक जुनी डिस्क पुसायला लावली. काम तीन तासांचं. जुलैतलं वादळ आलं आणि दुसऱ्या तासाला वीज गेली. अर्धवट राहिलेलं पुसणं डिस्क विसरत नाही आणि तात्पुरता पासवर्डही काढत नाही. वीज आल्यावर डिस्क बंद ती बंद. वाचता येईना, लिहिता येईना, फॉरमॅट करायला गेलं तर चूक दाखवायची. आणि पासवर्ड? तो त्याने घातलाच नव्हता, वापरलेल्या प्रोग्रामने आपला आपण घातला होता. अशा वेळी कोणता प्रोग्राम वापरला ते आठवायचं आणि त्याची माहितीपुस्तिका उघडायची. बहुतेक प्रोग्राम ठरलेला एकच शब्द वापरतात आणि तो तिथे लिहिलेला असतो. त्याला सापडला. तोच पासवर्ड देऊन पुन्हा पहिल्यापासून पुसायला लावली, आणि सकाळी डिस्क मोकळी.

लिनक्सवर 'एचडीपार्म' नावाचं साधन आहे. डिस्कच्या कुलपाची स्थिती ते काही ओळींत सांगतं, आणि आमचं अर्धं निदान त्या ओळी वाचण्यातच होतं. 'नॉट एनेबल्ड' म्हणजे पासवर्ड घातलेला नाही. 'नॉट लॉक्ड' म्हणजे उघडी आहे. 'नॉट फ्रोझन' म्हणजे तुमचे हुकूम ऐकायला तयार आहे. या तिन्ही ओळींत 'नॉट' दिसला की मी खूश. त्यातला एक 'नॉट' गायब झाला की दुपार गेली.

सगळ्यात जास्त वेळा गायब होतो तो 'फ्रोझन'च्या आधीचा. यंत्र सुरू होताना त्याचा बायॉस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा आतला प्रोग्राम, डिस्कला गोठवून टाकतो: आता बंद होईपर्यंत कुलपाबद्दल कोणाचंही काही ऐकायचं नाही. हा खोडसाळपणा नाही. एखादा व्हायरस घुसला आणि त्याने तुमच्या डिस्कला स्वतःचा पासवर्ड घातला तर तुम्ही त्याच्या दारात उभे, खंडणी घेऊन. ते टाळण्यासाठी ही तजवीज. पण पुसायला बसलेल्या प्रामाणिक माणसालाही तीच आडवी येते, आणि पासवर्ड बरोबर असूनही नकार येतो. लोक मग पासवर्ड बदलून बदलून पाहत राहतात. दोष पासवर्डचा नसतोच. लॅपटॉपला झोपवा, म्हणजे स्लीपमध्ये घाला, काही क्षण थांबा आणि जागा करा. झोपेत डिस्कची वीज तुटते, जाग येताना पुष्कळ बायॉस पुन्हा गोठवायचं विसरतात, आणि ओळीत 'नॉट' परत येतो. इतक्या साध्या गोष्टीने काम होतं यावर कोणाचा विश्वास बसत नाही. काही यंत्रं मात्र विसरत नाहीत; मग ती डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला थेट लावते. यूएसबीच्या डबीतून लावून सिक्युअर इरेज करायच्या भानगडीत पडू नये. काही डब्या कुलपाचे हुकूम पुढे नेतच नाहीत, काही अर्धेमुर्धे नेतात, आणि अर्धामुर्धा हुकूम हा सर्वांत वाईट.

दुसरी अडचण जास्त चक्रावणारी. एक काकू मिस्टरांचा लॅपटॉप घेऊन आल्या. काका जाऊन वर्ष झालं होतं. सुरू करताच काळ्या पडद्यावर हार्ड डिस्कचा पासवर्ड मागायचा. काकांच्या डायरीत तो लिहिलेला होता, स्वच्छ मराठी वळणाच्या अक्षरात. पण लॅपटॉपची बॅटरी फुगलेली, म्हणून भाच्याने डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला लावली होती. तिथे तोच पासवर्ड चालेना. काकूंना वाटलं, यांनी शेवटी कधीतरी बदलला आणि मला सांगितलं नाही. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते डिस्कपेक्षा मोठं होतं.

काकांनी काही बदललं नव्हतं. पुष्कळ लॅपटॉपचे बायॉस तुम्ही टाइप केलेली अक्षरं जशीच्या तशी डिस्ककडे पाठवत नाहीत. कोणी अक्षरांऐवजी कळांचे क्रमांक पाठवतं, कोणी त्या अक्षरांवर गणित करून भलतीच बत्तीस बाइट्स तयार करतं. डिस्कला ठाऊक असतो तो हा शिजवलेला पासवर्ड. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात तीच अक्षरं टाइप केली तर ती कच्चीच पोचतात. डिस्क म्हणते चूक. पाच वेळा चूक झाली की वीज बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत ती बोलणंच बंद करते, मग बरोबर पासवर्ड दिला तरी नाही. उपाय एकच होता: डिस्क परत त्याच लॅपटॉपमध्ये घालायची, फुगलेली बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवायचा. डायरीतला शब्द पहिल्याच फटक्यात लागला. पुसण्याआधी दोन शनिवार फोटो उतरवून घेण्यात गेले.

आणि पासवर्ड खरोखरच गेला असेल तर? इथे या व्यवस्थेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट येते. एटीए डिस्कला दोन पासवर्ड असतात, एक वापरणाऱ्याचा आणि एक मास्टर. शिवाय कुलपाच्या दोन पातळ्या असतात. 'हाय' या पातळीवर मास्टर पासवर्ड म्हणजे घरमालकाकडची दुसरी किल्ली. दार उघडून आत जाता येतं. 'मॅक्सिमम' पातळीवर घरमालकाला आत पाऊल टाकता येत नाही, घर पाडता मात्र येतं. मजकूर बघायचा अधिकार वेगळा आणि तो नष्ट करायचा अधिकार वेगळा, असा भेद एवढ्याशा यंत्रात कोणीतरी विचारपूर्वक केला आहे. कारखान्यातून निघताना डिस्कला कंपनीचा मास्टर पासवर्ड असतो. एचडीपार्म 'मास्टर पासवर्ड रिव्हिजन कोड' म्हणून एक आकडा दाखवतं. तो ६५५३४ असेल तर कारखान्यातला पासवर्ड बहुधा अजून कोणी बदललेला नाही. डिस्क तुमचीच असेल तर त्या आधारे ती पुसून मोकळी करता येते. ऑफिसच्या लॅपटॉपचे मास्टर पासवर्ड मात्र कंपन्यांनी बदललेले असतात. तिथे मी हात लावत नाही. ज्याचं यंत्र त्याच्याकडे पाठवते.

नव्या, स्वतःच मजकूर कुलूपबंद करणाऱ्या एसएसडींमध्ये हाच विचार आणखी पुढे गेलेला दिसतो. ओपल मानकाच्या ड्राइव्हच्या लेबलवर बऱ्याचदा पीएसआयडी नावाचा ३२ अक्षरांचा क्रमांक छापलेला असतो. पासवर्ड हरवला तर तो क्रमांक देऊन ड्राइव्ह कोरा करता येतो. त्याने मजकूर उघडत नाही. आतली किल्ली फेकली जाते, नवी तयार होते, आणि जुना सगळा मजकूर अर्थ नसलेली बजबज होऊन बसतो. काही सेकंदांचं काम. किल्ली चक्क लेबलवर, कारण ती वाचायची तर ड्राइव्ह हातात असावा लागतो, आणि हातात असलेला ड्राइव्ह हातोड्यानेही नष्ट करता आलाच असता. फक्त अक्षरं बारीक. शून्य की ओ, एक की आय, यावर आमच्या टेबलावर भांडणं होतात. फोनने फोटो काढून मोठा करून वाचावा.

विंडोजचा निळा पडदा ४८ आकडी बिटलॉकर किल्ली मागतो तेव्हाही लोक घाबरून येतात. ती किल्ली बहुतेकदा त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण पुसायचंच असेल तर ती लागतच नाही. बाहेरच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून डिस्क पुसली की झालं. बिटलॉकर मजकूर वाचू देत नाही. पुसण्याच्या आड तो येत नाही. एटीएचा पासवर्ड आड येतो. हे दोन वेगळे आहेत एवढं समजलं तरी निम्मे लोक लायब्ररीत न येता घरीच काम उरकतील.

पुसून झाल्यावर तपासायचं का? हो. त्याच सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या मायकेल वेई, स्टीव्हन स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एसएसडी तपासले. पोटातले हुकूम काही ड्राइव्हमध्ये चोख चालले, पण एका ड्राइव्हने काम फत्ते असं कळवलं आणि मजकूर जागच्या जागी होता. कंपनीने हुकूम नीट लिहिलाच नव्हता. म्हणून मी पुसल्यावर डिस्कचे पाच-दहा तुकडे वेगवेगळ्या ठिकाणाहून वाचून बघते. शून्यं दिसावीत किंवा कचरा दिसावा. ओळखीचं एक अक्षरही दिसलं तर ती डिस्क कोणाला द्यायची नाही. ड्रिल मशीनचे भक्त आमच्याकडे आहेत, त्यांच्या हवाली. त्यांनाही सांगावं लागतं की एसएसडीच्या डबीत पुष्कळ जागा रिकामी असते, आणि भोक नेमकं चिपमधून गेलं नाही तर फक्त पत्र्याला भोक पडतं.

शेवटचं दुखणं मॅकचं, आणि ते बरोबर उलटं आहे. तिथे पुसायला पासवर्डची अडचण नाही, पुसल्यावर आहे. २०१९ पासूनच्या मॅकओएसमध्ये, टी-टू चिप किंवा ॲपलची स्वतःची चिप असलेल्या यंत्रांवर, ॲक्टिव्हेशन लॉक आलं. डिस्क कोरी केलीत तरी यंत्र पहिल्या मालकाच्या ॲपल खात्याचा पासवर्ड मागतं, आणि त्याशिवाय पुढे सरकत नाही. चोरांसाठी केलेली सोय; तिचा फटका बसतो दान घेणाऱ्याला. द्यायच्या आधी सेटिंग्जमधून 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' केलं तर खात्यातून नाव निघायचं काम त्यातच होतं. बाहेरून घाईने पुसलं तर नाव तसंच राहतं.

पुण्याला परत गेलेल्या एका जोडप्याचा असाच एक मॅक आमच्याकडे कोरा आणि कुलूपबंद पडून होता. त्यांना व्हॉट्सॲपवर निरोप टाकला. लोकांना वाटतं यंत्र हातात असल्याशिवाय काही करता येत नाही, पण आयक्लाउडच्या वेबसाइटवर 'फाइंड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन ते यंत्र आपल्या खात्यातून जगात कुठूनही काढून टाकता येतं. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. वहिनी म्हणाल्या, "थांबा हो, ह्यांचा ॲपलचा पासवर्ड ह्यांनाच आठवत नाहीये."